गर्भातल्या पेशींना चेहरा घडवायला कोण सांगतं? आणि ग्रहणात चिरल्याने बाळाचा ओठ दुभंगतो का?

तुमचा दुसरा प्रश्न आधी घेतो. सोलापुरात अजून घरोघरी सांगतात, ग्रहणात विळीवर भाजी चिरली की बाळाचा ओठ दुभंगतो. तसं होत नाही. वरचा ओठ मुळात वेगवेगळ्या भागांतून येऊन जुळतो. ती जुळणी राहून गेली की फट दिसते. आणि हे काम गर्भाच्या सहाव्या-सातव्या आठवड्यात आटोपतं (डॉक्टर शेवटच्या पाळीपासून मोजतात, त्या हिशेबात दोन आठवडे मिळवा). पाचव्या महिन्यातल्या ग्रहणाला बिघडवायला ओठाचं काही उरलेलंच नसतं.

आता पेशी. चौथ्या आठवड्यात भावी मेंदूच्या कडेवरून न्यूरल क्रेस्ट पेशी निघतात आणि तोंडाच्या खळग्याभोवती पाच उंचवटे भरतात: कपाळ-नाकाचा एक, वरच्या जबड्याचे दोन, खालच्याचे दोन. कुठे किती वाढायचं हे त्यांना बरंचसं वरची त्वचा आणि शेजारचा मेंदू कळवतात, तेही मोजक्या प्रथिनांमार्फत: एसएचएच, एफजीएफ८, बीएमपी४, डब्ल्यूएनटी. तीच प्रथिनं सगळीकडे. फरक पडतो तो मात्रेने, जागेने, वेळेने. एसएचएच कमी पडलं तर डोळे जवळ येतात, फारच कमी असेल तर एकच डोळा. जास्त झालं तर डोळे लांब सरकतात. कोंबडीच्या गर्भात एसएचएच आणि एफजीएफ८ यांची सीमा असलेला त्वचेचा तुकडा दुसरीकडे बसवला, की तिथे चोचीचं जादा टोक उगवतं. खालच्या जबड्याची ओळख एन्डोथेलिन-१ हे आणखी एक प्रथिन ठरवतं. त्याच्या हुकमाखालची डीएलएक्स५ आणि ६ ही दोन्ही जनुकं उंदरातून काढली, तर खाली वरच्या जबड्याची आरशातली प्रत तयार होते, अगदी मिशांसकट! परीक्षेत एकच प्रयोग लिहायचा तर हा लिहा.

जुळणी दोन तऱ्हांनी फसते. उंचवटे कमी वाढले तर ते भेटतच नाहीत. भेटले, पण मधला पेशींचा पातळ थर विरला नाही, तरी फट राहते. टाळूतला हा थर जायला टीजीएफ-बीटा३ हे प्रथिन लागतं.

आकडीवरच्या व्हॅल्प्रोएट आणि टोपिरामेट या गोळ्या, तसंच सिगारेट, यांनी धोका वाढतो. गोळ्या चालू असतील तर दिवस राहण्याआधीच डॉक्टरांना विचारा, परस्पर बंद करू नका. फॉलिक ॲसिड रोज ४०० मायक्रोग्रॅम घ्यावंच, पण त्याचा पक्का फायदा मज्जारज्जूच्या दोषांत आहे. ओठाबाबत पुरावा तितका ठाम नाही.

घरात आधी कुणाचा ओठ किंवा टाळू दुभंगलेली असेल, तर आईवडिलांचा खालचा ओठ नीट बघा. त्यावर दोन बारीक खळगे असतील तर आयआरएफ६ जनुकातला दोष असू शकतो, आणि तो प्रत्येक मुलात उतरण्याची शक्यता ५० टक्के असते.