आधी मूठ बघ, मग बोअर

बाळा, पिस्तूल-रिव्हॉल्वर कुठलं घ्यावं हा तुझा प्रश्न वाचला. 'भारीतलं कुठलं घेऊ?' असं दुकानात विचारू नकोस, हात पुढे कर. रिकामं आहे याची स्वतः खात्री करून घे, मगच मूठ धर. अंगठा आणि तर्जनीमधली बेचकी मुठीच्या मागे जेवढी वर बसेल तेवढी बसव. नळी मनगटाच्या रेषेत आली पाहिजे आणि ट्रिगरवर बोटाचं पेर टेकलं पाहिजे, सांधा नव्हे. त्यासाठी हाताची पकड फिरवावी लागत असेल तर ते हत्यार तुझं नाही, कितीही देखणं असो. आणि सोलापूरचा मे महिना लक्षात ठेव. घामेजल्या तळव्यात गुळगुळीत मूठ साबणासारखी फिरते.

बोअरचा, म्हणजे नळीच्या आतल्या रुंदीचा, वाद फार घालू नकोस. ९ एमएम आपल्याकडे प्रतिबंधित बोअर आहे. साध्या परवान्यावर बहुतेक जण .३२ वरच येतात. शिकायला मात्र .२२ बरं, धक्का जवळजवळ नाहीच. गोळी तीच असली तरी हलकं हत्यार जास्त उसळतं, त्यामुळे वजनाला नाक मुरडू नकोस.

मी सुरुवातीला गोळी सुटायच्या आधीच दचकायचो. उस्तादांनी रिव्हॉल्वरमध्ये मला न सांगता मध्येच एक रिकामी पुंगळी घातली. खट्ट आवाज आला आणि गोळी सुटलीच नाही तरी माझ्या दचकण्याने नळी खाली झुकली, सगळ्यांसमोर. महिनाभर थट्टा चालली. तूही हे करून बघ, पण रेंजवर आणि उस्तादांसमोरच.

परवान्याचा अर्ज शहरात राहत असशील तर पोलीस आयुक्तालयात, तालुक्यात असशील तर जिल्हाधिकाऱ्यांकडे.