नाडी, चप्पल आणि पाच आठवडे

ऐरोलीच्या एका वाचक मुलीचं पत्र आहे. वय 27. दोन वर्षांपूर्वी कमरेवर पांढरा डाग उठला, मग पावलांवर, आता पापणीवर. डॉक्टरांनी कोड असल्याचं सांगितलं. वाशीला पाच आठवडे फोटोथेरपी, म्हणजे डागांवर अतिनील प्रकाश सोडण्याचा उपचार, घेतली, फरक दिसेना म्हणून सोडली. मावशीनं बावचीचं तेल दिलंय, आईनं दही-मासे बंद केलेत. दिवाळीनंतर पाहुणे बघायला येणार आहेत आणि 'लग्नाआधी ब्र काढायचा नाही' अशी आईची ताकीद आहे.

अगं, कुकरची शिट्टी व्हायच्या आत गॅस बंद केलास! 311 नॅनोमीटर तरंगलांबीचा तो प्रकाश आठवड्यातून दोन-तीनदा, मध्ये एक दिवस सोडून घ्यायचा असतो आणि निदान तीन महिने तरी त्याचा हिशेब मांडायचा नसतो. रंग बहुतेकदा ठिपक्याठिपक्यांनी परततो, कारण नव्या रंगपेशी केसांच्या मुळांतून वर येतात. म्हणून डागावरची लव काळी आहे की पांढरी, ते बघ. काळी असेल तर आशा जास्त. चेहरा लवकर साथ देतो. पावलं आणि बोटांची टोकं फार रडवतात. दर महिन्याला एकाच जागी, एकाच उजेडात फोटो काढ. रोज आरशात बघून काही कळत नाही.

आता डागांच्या जागा बघ: कमर आणि पावलं. सलवारची नाडी आणि चपलेचा पट्टा! सतत घासतं, खरचटतं तिथे कोड नव्यानं उठतं. नाडीऐवजी रुंद, सैल इलॅस्टिक लाव आणि मऊ कापडी बूट घाल. काही रबरी चपलांत आणि टिकलीच्या गोंदात रंगपेशी मारणारी रसायनं असतात, तेव्हा टिकलीही तूर्त नको.

पापणीवर स्टेरॉइड मनानं लावू नकोस. कातडी पातळ होते, डोळ्यातला दाब वाढू शकतो. तिथे डॉक्टर बहुधा टॅक्रोलिमस नावाचं, स्टेरॉइड नसलेलं मलम देतील. सुरुवातीचे काही दिवस त्यानं चुरचुरतं, घाबरून सोडू नकोस. थायरॉइडची तपासणीही करून घे, कोडाबरोबर तो बिघाड बऱ्याचदा सापडतो.

मावशीची माया घे, बाटली कपाटात ठेव. बावचीत सोरालेन नावाचं द्रव्य असतं, त्यावर ऊन पडलं की फोड येतात आणि त्या जखमेवर पुन्हा डाग. दही-मासे खुशाल खा.

पाहुण्यांना पहिल्या चहापोह्यांतच सांगायची गरज नाही, पण साखरपुड्याआधी मुलाला तू स्वतः सांग: 'मला कोड आहे, ते लागत नाही, उपचार चालू आहेत.' आईच्या मनात 'श्वेतकुष्ठ' हा जुना शब्द बसलेला दिसतो. कुष्ठरोगाशी याचा काडीचाही संबंध नाही. मुलांना होईल का, असं विचारलं तर खरं सांग: शक्यता थोडी वाढते, पण बहुतेकांना होत नाही. नकार आलाच, तर हॉलचा ॲडव्हान्स भरायच्या आत आलेला बरा.

वाशीला परत जाशील तेव्हा मात्र किती दिवस खंड पडला ते आधी सांग. जुन्याच डोसवर सुरू केलं तर भाजेल.