‘जिनवेन’ म्हणजे सुवर्णलेख नव्हे

प्राचीन चिनी विधिपात्रांवरील लेखांना चिनी भाषेत ‘जिनवेन’ म्हणतात. ‘जिन’ म्हणजे सोने आणि ‘वेन’ म्हणजे लेखन, तेव्हा मराठीत ‘सुवर्णलेख’ म्हणावे की ‘सुवर्णलिपी’, असा प्रश्न एका वाचकाने विचारला आहे. दोन्ही म्हणू नये. आजचा अर्थ तीन हजार वर्षांमागच्या शब्दावर लादायचा आणि मग काशाच्या पात्रावर सोने शोधत बसायचे, ही चूक इतक्या वेळा कानांवर येते की आता तिचा स्पष्ट निषेध केला पाहिजे.

या बाबतीत पात्र स्वतःच साक्ष देते. 1976 साली शान्शी प्रांतातील लिन्थोंग येथे सापडलेल्या ‘ली’ नावाच्या अधिकाऱ्याच्या पात्रावर जेमतेम तीसेक अक्षरांचा लेख आहे. चौ राजघराण्यातील राजा वू याने शांग राजघराण्याचे राज्य जिंकले, त्यानंतर काही दिवसांतच त्याने ली याला ‘जिन’ दिले आणि ली याने त्यातून आपल्या पूर्वजासाठी हे पात्र घडवले, असे त्यात म्हटले आहे. पात्र कशाचे आहे? तांबे आणि कथील यांच्या मिश्रधातूचे, म्हणजेच काशाचे (कांस्याचे). म्हणजे इसवी सनापूर्वी अकराव्या शतकात ‘जिन’ शब्दाने कोणता धातू कळत होता, हे त्याच धातूवर लिहून ठेवलेले आहे. पुढच्या काळातील लेखांतही ‘आपले उत्तम जिन निवडून’ पात्र केल्याचे वाक्य वारंवार येते, आणि तेथेही अर्थ हाच आहे.

‘जिन’ शब्दासाठीच्या चिनी अक्षराची व्युत्पत्ती तर याहून मनोहर आहे. इसवी सन 100च्या सुमारास कोशकार शू शन याने या अक्षरातील लहान रेघा म्हणजे मातीत दडलेले धातूचे कण, असे सांगितले आणि आजही अनेक जण तेच उगाळतात. शू शन थोर होता, परंतु येथे तो उत्तरकालीन वळणावरून बोलत आहे. चौ काळाच्या आरंभीच्या लेखांत या रेघांच्या जागचे ठिपके बहुधा मुख्य आकृतीच्या बाहेर, शेजारी सुटे उभे असतात. ते खाणीतले कण नसून ओतण्यासाठी आणलेल्या धातूच्या लगडी आहेत, असे मानणाऱ्या लिपितज्ज्ञांशी मी पूर्णपणे सहमत आहे. ज्या समाजात राजा धातूची लगड बक्षीस देत होता, तेथे अक्षर लगडीवरूनच घडणार. शिवाय शू शन स्वतः ‘जिन’चा अर्थ ‘पाच रंगांचे धातू, त्यांत पिवळा श्रेष्ठ’ असा देतो, म्हणजे सोने हा त्यातील केवळ एक प्रकार ठरतो. त्याचा दाखला देणाऱ्यांनी हे वाक्य तरी वाचायला हवे होते.

आपल्याकडच्या ‘लोह’ शब्दाची वाटचाल याच्याशी ताडून पाहावी. ‘लोहित’ म्हणजे तांबडा. त्या नात्याने ‘लोह’ मुळात तांबे. पुढे तो कोणताही धातू झाला. अमरकोशात ‘सर्वं च तैजसं लोहम्’ असे स्पष्ट म्हटले आहे, आणि पंचलोहाची मूर्ती पाच प्रकारच्या लोखंडाची असते असे कोणी समजत नाही. शेवटी तोच शब्द लोखंडावर स्थिरावला. माझे मत असे की दोन्हीकडे समाजाने प्रथम ज्या धातूला मान दिला त्याचेच नाव साऱ्या धातूंना मिळाले. मग आपला ‘लोह’ रोजच्या वापरातील धातूकडे उतरला आणि चिनी ‘जिन’ मौल्यवान धातूकडे चढला.

आणखी एक खटकणारा प्रयोग म्हणजे ‘पात्रावर कोरलेला लेख’. नंतरच्या काळात कोरलेले लेख आढळतात, परंतु शांग आणि चौ काळातील बहुतेक लेख मातीच्या साच्यातच अक्षरे तयार करून पात्राबरोबर ओतलेले आहेत. त्यांना ‘ताम्रपट’ म्हणणेही अयोग्य आहे, कारण ताम्रपट देणारा राजा काढतो, तर हे लेख घेणाऱ्याने आपल्या पितरांसाठी करवले आहेत. अखेरीस येणारे ‘मुलांच्या मुलांनी, नातवांच्या नातवांनी हे सदैव जपून वापरावे’ हे वाक्य मात्र आपल्या सनदांतील ‘पुत्रपौत्रादि वंशपरंपरेने’ या शब्दांच्या अगदी जवळचे आहे. मराठीत ‘कांस्यलेख’ हा नेमका शब्द उपलब्ध असून तोच वापरावा.