बीमला तडा गेलाय आणि मधली भिंतही काढायची आहे. स्ट्रक्चरल इंजिनिअर खरंच लागतो का? लागत असेल तर कसा निवडायचा?

तुम्ही दोन कामं एकत्र विचारली आहेत. हॉल आणि स्वयंपाकघरामधली भिंत काढायची आहे, आणि हॉलच्या बीमला खालच्या अंगाने लांब तडा गेला आहे. ठेकेदार म्हणतो, दोन्ही मी बघतो, इंजिनिअरवर पैसे कशाला घालवता. माझं मत स्पष्ट आहे: दोन्ही कामांना इंजिनिअर हवा, आणि तो तुम्ही स्वतः शोधलेला, तुमच्याकडून फी घेणारा हवा. मी दुरुस्तीच्या कामांवर देखरेख करतो. इंजिनिअरचा रिपोर्ट हातात घेऊन गवंड्यांकडून काम करून घेणं हा माझा रोजचा व्यवसाय, म्हणून हे ठासून सांगतोय.

आधी बीम. तडा कुठे आहे आणि कोणत्या दिशेने गेला आहे, यावर सगळं ठरतं. बीमच्या मध्यावर खालून वर जाणारे उभे तडे वाकण्यामुळे येतात; केसाएवढे असतील तर बऱ्याचदा चालून जातात, रुंद असतील तर नाही. कॉलमजवळ तिरके गेलेले तडे मात्र गंभीर, कारण तिथे बीम कातरला जात असतो आणि तसा बीम फारशी पूर्वसूचना देत नाही. तुम्ही वर्णन केलेला तडा बीमच्या लांबीला समांतर आहे, खाली तपकिरी डाग आहे आणि ठोकलं की पोकळ वाजतं. ही लक्षणं बहुतेक वेळा आतली सळई गंजल्याची असतात. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी पट जास्त जागा घेतो. तो आतून काँक्रीटला ढकलतो, सळईच्या रेषेत तडा पडतो आणि पुढे ढपला खाली येतो. अशा तड्यात वरून सिमेंट भरून रंग दिला तर तो दिसेनासा होतो, गंज मात्र चालूच राहतो. खरं काम म्हणजे सैल काँक्रीट सळईच्या मागेपर्यंत काढणं, सळई घासून साफ करणं, तिची जाडी किती उरली ते मोजणं, कमी पडत असेल तर नवी सळई जोडणं आणि मग योग्य मॉर्टरने भरणं. सळई किती झिजली म्हणजे नवी घालायची, ती कुठपर्यंत न्यायची आणि खोदकामाआधी बीमला टेकू कुठे द्यायचे, हा हिशोब इंजिनिअरने करायचा असतो. आणि ओल कुठून येते ते शोधून बंद केल्याशिवाय यातलं काहीही टिकत नाही.

आता भिंत. विटांची इमारत असेल तर ती भिंत कदाचित वरचा स्लॅब उचलून धरत असेल. कॉलम-बीमची असेल तर लोक म्हणतात, भिंत नुसती मधली जागा भरायला आहे, भार घेत नाही, पाडा. बहुतेकदा खरं असतं, पण दरवेळी नाही. बरीच वर्षं गेली की वरचा बीम थोडा वाकून भिंतीवर टेकलेला असतो. वरच्या मजल्यावर त्याच रेषेत भिंत असू शकते. भूकंपाच्या धक्क्यात याच विटांच्या भिंती मजल्याला आडवा आधार देतात. आणि भिंतीची जाडी बघून तिच्यावर भार आहे की नाही हे ठरत नाही. त्यासाठी नकाशा बघावा लागतो, नकाशा नसेल तर प्लास्टर थोडं उघडून आत काय आहे ते पाहावं लागतं.

बदल करताना हिशोब न मांडल्यावर काय होतं याचं टोकाचं उदाहरण म्हणजे दक्षिण कोरियातल्या सोल शहरातलं साम्पुंग डिपार्टमेंट स्टोअर. बांधतानाच आराखडा बदलून सरकत्या जिन्यांसाठी कॉलम कमी केले, वर पाचवा मजला चढवला, पुढे छतावरची अवजड एसी यंत्रं एका बाजूकडून दुसरीकडे ओढत नेली. 29 जून 1995 रोजी सकाळी वरच्या मजल्यावर मोठे तडे दिसले, तरी दुकान चालू ठेवलं. संध्याकाळी इमारत कोसळली आणि 502 माणसं गेली. घराचं काम इतकं मोठं नसतं हे मान्य. पण भार नव्या वाटेने पाठवायचा आणि ती वाट कोणी तपासायचीच नाही, ही चूक दोन खोल्यांच्या घरातही तीच असते.

निवडताना पहिली गोष्ट: तो जुन्या इमारतींची दुरुस्ती करणारा हवा. नव्या इमारतींचं उत्तम डिझाइन करणाऱ्या प्रत्येकाला जुनं काँक्रीट वाचता येतंच असं नाही. तुमच्या भागात सही करण्यासाठी जो परवाना लागतो तो आहे का, हे न लाजता विचारा. हल्ली केलेल्या अशाच एखाद्या कामाचा रिपोर्ट दाखवायला सांगा, मालकाचं नाव झाकलेला चालेल. फी ठरावीक रकमेची ठरवा. दुरुस्तीच्या खर्चाच्या टक्क्यात फी मला पटत नाही, कारण मग काम जितकं वाढेल तितकी फी वाढते, आणि प्रामाणिक माणसालाही त्या ओढीत का टाकायचं? ठेकेदाराने आणलेल्या इंजिनिअरबद्दलही हाच आक्षेप आहे. दुरुस्तीचे पैसे ज्याला मिळणार, त्याच्याच माणसाने दुखणं ठरवू नये.

फीमध्ये किती भेटी आहेत हे आधीच लिहून घ्या. लोक इथेच कमी पडतात. रिपोर्ट मिळाला की इंजिनिअरचं काम संपलं असं धरतात. खरं तर त्याची सर्वात मोलाची भेट असते ती बीम खोदून सळया उघड्या पडल्यावरची. बाहेरून दोन सळया खराब वाटतात, उघडल्यावर सळयांना वेढणाऱ्या लोखंडी रिंगाही गंजून तुटलेल्या निघतात, आणि मग आधीचा उपाय बदलावा लागतो. त्या वेळी तो जागेवर नसेल तर निर्णय गवंडी घेतो. म्हणून एक भेट उघडल्यानंतर आणि एक पुन्हा झाकण्याआधी, एवढ्या तरी ठरवाच.

रिपोर्टमध्ये दोष कुठे आहे, का झाला, काय करायचं, कोणत्या क्रमाने, टेकू कधी लावायचे आणि कधी काढायचे, हे सगळं हवं. काय तपासता आलं नाही, तेही लिहिलेलं हवं. तसं लिहिणाऱ्यावर माझा जास्त विश्वास बसतो. नुसती हॅमर टेस्ट करून काँक्रीट चांगलं म्हणणाऱ्याला पुढचे प्रश्न विचारा. ती टेस्ट पृष्ठभागाचा कठीणपणा मोजते, आणि हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमुळे जुन्या काँक्रीटचा पृष्ठभाग उलट जास्त कठीण झालेला असतो. आकडा चांगला येतो, पण त्याच प्रक्रियेने सळईचं गंजापासून होणारं संरक्षण गेलेलं असतं. काँक्रीटचा ताजा तुकडा काढून त्यावर फिनॉल्फ्थॅलीन हे रंग बदलणारं रसायन शिंपडलं की चांगला भाग गडद गुलाबी होतो, संरक्षण गेलेला भाग तसाच राहतो. साधी टेस्ट आहे, तुमच्या डोळ्यांसमोर होते.

प्लास्टरवरच्या जाळीदार बारीक रेषा, किंवा भिंत आणि कॉलम जिथे मिळतात तिथली उभी सरळ भेग, एवढ्यासाठी मात्र इंजिनिअर बोलावू नका. ती सहसा दोन वेगळ्या साहित्यांच्या सांध्यातली भेग असते. चांगला गवंडी जाळी लावून ती नीट करतो.

भेटीआधी मिळतील तेवढे जुने नकाशे शोधा, वरच्या आणि खालच्या मजल्यावर त्याच जागी काय आहे ते बघून ठेवा. तड्याच्या दोन्ही टोकांना पेन्सिलने आडवी रेघ मारून शेजारी तारीख लिहा, आणि पट्टी धरून फोटो काढा. पुढच्या फोटोत तडा रेघेपलीकडे गेला असेल तर इंजिनिअरला तेच सर्वात आधी दाखवा. तोवर ठेकेदाराला त्यावर पुट्टीचा हातही फिरवू देऊ नका आणि भिंतीला छिन्नी लावू देऊ नका. दरम्यान तडा बघता बघता रुंदावला, दारं अचानक अडकायला लागली किंवा बीममधून कडकडण्याचा आवाज आला, तर खोली रिकामी करा, वरच्या आणि खालच्या मजल्यावरच्यांना सांगा आणि इंजिनिअरला त्याच दिवशी बोलवा.