खेळ सुरू होतो, पण संगीत गायब

प्रश्न : लॅमिंग्टन रोडवरून पूर्वी विकत घेतलेल्या, पहिल्या प्लेस्टेशनच्या काळ्या पाठीच्या मूळ सीडी मी संगणकावर उतरवून घेतल्या. प्रत्येक सीडीमागे एक क्यू आणि सीडीवरची प्रत्यक्ष माहिती असलेल्या बऱ्याच बिन फायली तयार झाल्या. हा पसारा नको म्हणून एका खेळाच्या फायलींचे आयएसओ प्रकारच्या एकाच फाइलमध्ये रूपांतर केले. एम्युलेटरवर (संगणकावर प्लेस्टेशनची नक्कल करणाऱ्या प्रोग्रामवर) तो शर्यतीचा खेळ सुरू होतो, पण संगीत वाजत नाही. दुसऱ्या खेळाच्या बिन फायलींची नावे बदलली, तेव्हापासून तो उघडतच नाही. मूळ फायली ठेवल्या आहेत. काय करावे?
— एक वाचक, परळ

उत्तर : मूळ फायली आपण पुसल्या नाहीत, हे फार चांगले झाले, कारण आयएसओमधून गेलेले संगीत त्याच आयएसओमधून परत मिळत नाही आणि ओरखडे पडलेली जुनी सीडी दुसऱ्यांदा धड वाचली जाईलच असे नाही.

सीडीवरचा मजकूर सेक्टर नावाच्या छोट्या तुकड्यांत साठवलेला असतो आणि प्रत्येक सेक्टर २३५२ बाइटचा असतो. माहितीच्या सेक्टरमधले २०४८ बाइट प्रत्यक्ष माहितीचे, तर उरलेले प्रामुख्याने ओळख आणि चूकदुरुस्ती यांसाठी असतात. आयएसओ हे २०४८ बाइट तेवढे ठेवतो. आपल्या खेळात बिन फायली अनेक आहेत, याचाच अर्थ पहिला ट्रॅक माहितीचा आणि पुढचे ट्रॅक गाण्यांच्या सीडीसारखे निव्वळ ध्वनीचे असणार, आणि अशा ट्रॅकना आयएसओमध्ये जागाच नसते. काही खेळांचे संगीत व संवाद पहिल्याच ट्रॅकमध्ये, परंतु २३२४ बाइट वापरणाऱ्या सेक्टरांत साठवलेले असतात; तेही या रूपांतरात कापले जातात. म्हणून प्लेस्टेशनच्या सीडीसाठी आयएसओ वापरू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

क्यू ही साधी मजकुराची फाइल आहे. तीत बिन फायलींची नावे, ट्रॅकचा प्रकार आणि त्याची सुरुवात मिनिट, सेकंद व फ्रेम अशी लिहिलेली असते (एका सेकंदात ७५ फ्रेम). बिनचे नाव बदलले की क्यूमधले नाव खोटे ठरते. नोटपॅडमध्ये क्यू उघडून अवतरणचिन्हांतील नावे अक्षरशः जुळवा. दुसरा खेळ उघडेल.

पसारा आवरण्यासाठी सीएचडी हा फाइलचा प्रकार वापरावा. मेम या एम्युलेटरसोबत मिळणाऱ्या सीएचडीमॅन या साधनाला ‘क्रिएटसीडी’ ही आज्ञा देताना बिन नव्हे, तर क्यू फाइल द्यावी, म्हणजे सर्व ट्रॅक मिळून एकच फाइल तयार होते. हे आकुंचन काहीही न गमावता होते. त्यानंतर ‘व्हेरिफाय’ ही तपासणीची आज्ञा चालवून पाहा, खेळ सुरू करून शर्यतीतले संगीत स्वतः ऐका आणि मगच बिन फायली वेगळ्या डिस्कवर हलवा.

युरोपीय आवृत्तीच्या काही खेळांत लिबक्रिप्ट हे नक्कलविरोधी संरक्षण असते. त्याची खूण सीडीच्या सबचॅनलमध्ये, म्हणजे मुख्य माहितीसोबतच्या पूरक माहितीत, असल्यामुळे ती बिनमध्ये उतरत नाही. असा खेळ मध्येच अडकला, तर ती खूण साठवलेली त्याची एसबीआय प्रकारची छोटी फाइल त्याच नावाने सीएचडीशेजारी ठेवावी लागते.