जुनी फार्गो रोज चालवायची असेल तर आधी ब्रेक, इंजिन सगळ्यांत शेवटी

तुमचा प्रश्न मी समजलो तो असा: आजोबांनी 1966 साली घेतलेली फार्गो ही मालवाहू गाडी तासगावला घरी उभी आहे, तिचे मूळ पेट्रोल इंजिन काढून वडिलांनी पुढे पर्किन्सचे डिझेल इंजिन बसवले, ते आजही चालू होते, आणि आता या गाडीतून घरचे बेदाणे रोज सांगलीच्या मार्केट यार्डात आणि अधूनमधून पाचगणीच्या दुकानांपर्यंत पोचवायचे आहेत. रिकामी गाडी अडीच टनांच्या आसपास आणि मालासह पाच टन भरते, असे तुम्ही लिहिले आहे. त्यासाठी नवे टर्बो इंजिन, पॉवर स्टेअरिंग आणि पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक बसवावेत का, असे तुम्ही विचारता. सांगलीत जुन्या मालवाहू गाड्यांच्या दुरुस्तीत माझी बरीच वर्षे गेली आहेत आणि त्या जोरावर मी स्पष्ट सांगतो की हे तिन्ही बेत सध्या बाजूला ठेवावेत. ताशी पन्नास-पंचावन्न किलोमीटर हा तुमच्या गाडीचा वेग धरा आणि त्या वेगातून ती भरलेली असताना, पावसात आणि उतारावर दर वेळी खात्रीने थांबेल, एवढ्याच गोष्टीवर पहिला सगळा पैसा खर्च करा.

पान्याला हात लावण्यापूर्वी कागदपत्रे पाहावीत. गाडी पन्नास वर्षांवरची असल्यामुळे कोणीतरी तुम्हाला व्हिंटेज नोंदणी करून घेण्याचा सल्ला देईलच. पण जुलै 2021 मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत आलेली ही ‘व्हीए’ मालिकेची नोंदणी प्रदर्शन, रॅली, इंधन भरणे, देखभाल अशा कामांपुरती आहे. रोजच्या किंवा व्यावसायिक वापराला तिच्यात परवानगी नाही आणि गाडीत मोठे फेरबदल झालेले नसावेत अशीही अट आहे. तुमच्या गाडीचे इंजिन बदललेले आहे आणि तिने मालही वाहायचा आहे, म्हणून ती वाट तुमची नव्हे. तुमची गाडी मालवाहूच राहील आणि तिचे पासिंग दरवर्षी करावे लागेल. आरसी पुस्तकात इंधनाच्या रकान्यात डिझेल लिहिले आहे का आणि इंजिनाचा क्रमांक जुळतो का, हे आजच तपासा. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार इंजिनबदलाची नोंद असणे आवश्यक आहे. ती राहून गेली असेल तर सांगलीच्या आरटीओ कार्यालयात आधी ती दुरुस्त करून घ्या, नाहीतर अपघातानंतर विम्याच्या दाव्यात हीच त्रुटी पुढे येते.

आता ब्रेक. त्या काळातल्या गाड्यांना चारही चाकांना ड्रम आणि सगळ्यांना मिळून एकच हायड्रॉलिक सर्किट (ब्रेक ऑइलच्या नळ्यांचा मार्ग) असते. म्हणजे मागच्या अ‍ॅक्सलवरचा एक रबरी होज फुटला किंवा चाकातल्या एका व्हील सिलिंडरचे वॉशर गेले की चारही चाकांचे ब्रेक एकदम जातात आणि हातात फक्त हँडब्रेक उरतो. ड्रम ब्रेक वाईट नसतात, हे एक सर्किटच खरे धोकादायक असते. म्हणून या गाडीत मी एकच मोठा बदल सुचवीन: पुढच्या आणि मागच्या चाकांचे सर्किट वेगळे करणारा टँडम (दुहेरी) मास्टर सिलिंडर, म्हणजे पेडल दाबल्यावर ब्रेक ऑइल चाकांकडे ढकलणारा भाग. जुन्या पद्धतीचा, चॅसिसवर वेगळा बसवलेला बूस्टर (पायाचा जोर वाढवणारा भाग) एकाच लाइनला मदत करतो, त्यामुळे टँडम सिलिंडर लावल्यावर तो तसाच ठेवता येत नाही. तुमच्या गाडीइतक्याच वजनाच्या मालवाहू गाडीचा बूस्टर आणि टँडम सिलिंडर यांचा जोडसंच घ्यावा आणि तो चॅसिसला घट्ट धरलेल्या जाड पट्टीच्या ब्रॅकेटवर बसवावा. केबिनच्या पातळ पत्र्यावर बसवला तर जोरात ब्रेक दाबताना पत्राच वाकतो आणि पायाचा निम्मा जोर तिथे वाया जातो. सिलिंडरचा व्यास मनाने निवडू नये; मोठ्या व्यासाने पेडल दगडासारखे कडक होते आणि लहान व्यासाने ते तळाला टेकते.

तुमच्या गाडीत आणखी एक बाब आहे, जी इंजिन बदलणारे फार वेळा विसरतात. पेट्रोल इंजिनाच्या इनटेक मॅनिफोल्डमध्ये व्हॅक्युम आपोआप तयार होतो आणि बूस्टर त्यावर चालतो. डिझेल इंजिनात हवेच्या वाटेवर थ्रॉटल (हवा अडवणारी झडप) नसल्यामुळे तसा व्हॅक्युम मिळत नाही, त्यासाठी वेगळा पंप लागतो. वडिलांच्या काळात पंप बसवला होता का, आणि बसवला असेल तर तो आज काम करतो का, हे पाहण्याची सोपी रीत आहे. इंजिन बंद ठेवून ब्रेक पाच-सहा वेळा दाबा, मग पेडल दाबून धरा आणि इंजिन चालू करा. पेडल किंचित खाली गेले पाहिजे. ते जागचे हललेच नाही तर तुमचा बूस्टर केवळ शोभेचा आहे आणि गाडी आजवर पायाच्या ताकदीवर थांबत आली आहे. यावर उत्तम उपाय म्हणजे जुना डायनॅमो काढून पाठीमागे व्हॅक्युम पंप असलेला अल्टरनेटर बसवणे. त्या पंपाला इंजिनातून तेलाची लाइन द्यावी लागते आणि ते तेल परत इंजिनाच्या तळाच्या चेंबरमध्ये सोडावे लागते, हे काम जाणत्या मिस्त्रीकडूनच करून घ्यावे. बेल्ट तुटला तर चार्जिंग आणि व्हॅक्युम दोन्ही एकदम बंद पडतात, म्हणून मध्ये नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह आणि व्हॅक्युमची छोटी टाकी हवीच. तिच्यामुळे इंजिन बंद पडल्यावरही एक-दोन वेळा पूर्ण जोराचा ब्रेक मिळतो.

ड्रम लेथवर देताना एका अ‍ॅक्सलचे दोन्ही ड्रम सारख्याच मापाला घासले पाहिजेत, नाहीतर ब्रेक लावताच गाडी एका बाजूला ओढते. ड्रमवर भेग असेल किंवा तो मापापलीकडे पातळ झाला असेल तर तो सरळ बाद करावा. पातळ ड्रम लवकर तापतो आणि तापलेला ड्रम फुगून लायनरपासून (ड्रमला आतून घासणाऱ्या अस्तरापासून) दूर जातो. हबचे ऑइल सील, व्हील सिलिंडरचे किट, सगळे रबरी होज आणि गंजलेल्या लोखंडी नळ्या न बघता बदला. ब्रेक ऑइल डॉट 3 किंवा डॉट 4 दर्जाचेच भरा. ते हवेतली ओल शोषते: डॉट 3 ताजे असताना 205 अंश सेल्सिअसच्या खाली उकळत नाही, पण पाणी मुरल्यावर ही मर्यादा 140 अंशांपर्यंत उतरू शकते, आणि उकळलेल्या तेलात वाफ झाली की पेडल स्पंजासारखे दबत जाते. म्हणून ते ठरावीक काळाने बदलत राहावे.

पुढे डिस्क का नको, त्याचे कारण सरळ आहे. पुढचे आणि मागचे ब्रेक किती प्रमाणात लागावेत हे त्या गाडीच्या वजनावरून ठरवलेले असते. दुसऱ्या गाडीचे कॅलिपर वेल्डिंग केलेल्या पट्टीवर बसवले की ते प्रमाण बिघडते आणि हे बिघडलेले प्रमाण ओल्या रस्त्यावर पहिल्यांदा कळते. नीट केलेले ड्रम तासगाव-सांगली या सपाट रस्त्याला पुरून उरतात.

वाईहून पाचगणीला जाताना लागणारा पसरणीचा घाट मात्र वेगळे प्रकरण आहे. पाचगणी वाईपेक्षा सुमारे साडेपाचशे मीटर उंचावर आहे. पाच टनांची गाडी तेवढी उंची उतरते तेव्हा जी ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते, तिच्यात साधारण ऐंशी लिटर गार पाणी उकळीला येईल. ही सगळी उष्णता चार ड्रममध्ये ओतली तर जगातला कोणताही लायनर टिकणार नाही. तिचा मोठा वाटा इंजिनाने घेतला पाहिजे. त्यासाठी ज्या गिअरवर घाट चढला असता, त्याच गिअरवर तो उतरायचा, आणि तो गिअर उतार सुरू होण्यापूर्वी टाकायचा. या जुन्या गिअरबॉक्समध्ये उतारावर मधेच खालचा गिअर पडला नाही तर गाडी न्यूट्रलमध्येच सुटते. डिझेल वाचवण्यासाठी न्यूट्रल करून घाट सोडणारे चालक मी पाहिले आहेत आणि त्यातल्या एकाच्याही शेजारी बसण्याची माझी तयारी नाही. डिझेल इंजिन असल्यामुळे तुम्हाला सायलेन्सरच्या पाइपमध्ये झडप असलेला एक्झॉस्ट ब्रेकही बसवता येईल. पाचगणीच्या फेऱ्या खरोखर नेमाने होणार असतील तर तो खर्च सार्थकी लागेल.

स्टेअरिंगसाठी पॉवरचा विचार करण्याआधी किंगपिन (पुढचे चाक ज्यावर डावी-उजवीकडे वळते ती खीळ) पाहा. पुढचे चाक जॅकवर उचलून वर आणि खाली हात धरून हलवावे. चाक खटखटले तर दुसऱ्या माणसाला ब्रेक दाबून धरायला सांगावे आणि पुन्हा हलवावे. खटखट थांबली तर दोष बेअरिंगचा, तशीच राहिली तर किंगपिन आणि बुश गेलेले आहेत. नंतर डाव्या-उजव्या बाजूंनी धरून हलवले की टाय रॉडच्या टोकांची झीज कळते. नियमानुसार स्टेअरिंगचा प्ले (चाके न वळता स्टेअरिंग जेवढे मोकळे फिरते ते) 30 अंशांपर्यंत चालतो, पण रोजच्या गाडीत तो याच्या निम्म्याहूनही कमी असावा. किंगपिन नवे, ग्रीस ताजे, टायरमध्ये पुरेशी हवा आणि टो-इन (पुढच्या चाकांचा आतल्या बाजूचा किंचित कल) बरोबर असला की ही गाडी चालू असताना जड लागत नाही; उभ्या गाडीत स्टेअरिंग ओढायची सवय तेवढी सोडावी लागते.

चॅसिस वायर ब्रशने घासून, पाट्यांच्या (लीफ स्प्रिंगच्या) हँगरजवळ आणि क्रॉस मेंबरच्या रिव्हेटभोवती रॉकेल लावा, कोरडे पुसा आणि वरून खडूची पूड चोळा. बारीक तडा असेल तर आत शिरलेले रॉकेल थोड्या वेळाने बाहेर येते आणि पांढऱ्या खडूवर ओली रेघ उमटते. तिथे थेट वेल्डिंगचा टाका मारू देऊ नका. तड्याच्या टोकाला भोक पाडून तो पुढे सरकण्यापासून थांबवणे आणि चॅनलच्या उभ्या बाजूला पट्टी जोडणे, असे ते काम असते. पाट्यांचे यू-बोल्ट आणि सेंटर बोल्ट नवेच घाला.

टायरवर नक्षी किती शिल्लक आहे यापेक्षा ते कोणत्या साली बनले हे आधी वाचा. बाजूवरच्या चार अंकांत पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष सांगतात. वर्षानुवर्षे अंगणात उभ्या गाडीचे टायर वरून चांगले दिसतात आणि भर उन्हात माल भरल्यावर फुटतात. एका अ‍ॅक्सलवर रेडियल आणि साधा नायलॉन टायर मिसळू नये. तुमच्या रिमला सुटी लॉक रिंग असेल तर हवा भरताना चाक पिंजऱ्यात किंवा साखळीने बांधूनच भरायला लावा. उडालेल्या रिंगने माणसे दगावली आहेत.

वायरिंगमध्ये अर्धवट डागडुजी नको. कापडी आवरणाची जुनी वायर पूर्ण काढून, फ्यूज बॉक्स आणि बॅटरीचा कटऑफ स्विच घालून नवे हार्नेस करा. हेडलाइटला रिलेमार्फत वीज द्या आणि 60/55 वॉटचे चांगले हॅलोजन बल्ब लावा. हॅलोजनच्या रिफ्लेक्टरमध्ये बाजारू एलईडी बसवला तर समोरच्याच्या डोळ्यांवर प्रकाश येतो आणि तुमचा रस्ता अंधारातच राहतो. इंडिकेटर, ब्रेकलाइट आणि रेडियम पट्ट्या (पुढे पांढऱ्या, मागे लाल, बाजूला पिवळ्या) यांत काटकसर करू नका. उसाचा हंगाम सुरू झाला की आपल्या रस्त्यांवर पहाटे ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या दिव्याविना चालतात. त्या तुम्हाला दिसल्या पाहिजेत आणि सावकाश चालणारी तुमची गाडी मागून येणाऱ्याला दुरून दिसली पाहिजे. हे मला ब्रेकखालोखाल महत्त्वाचे वाटते.

केबिनमध्ये इंधनाची टाकी सीटखाली आहे, असे तुमच्या वर्णनावरून दिसते. ती बाहेर काढून चॅसिसवर न्यावी. सीटबेल्टचे पट्टे लावताना सीट आणि पट्टा दोन्ही एकाच भक्कम सांगाड्याला धरलेले असावेत, आणि बोल्टच्या मागे जाड लोखंडी प्लेट असावी. खांद्याच्या पट्ट्यासाठी दाराच्या मागचा खांब पुरेसा मजबूत नसेल तर तिथे सांगाडा तयार करून मगच तो पट्टा लावा. तोवर कमरेचा पट्टा तरी हवाच, कारण या गाडीचा स्टेअरिंग कॉलम धडकेत दुमडत नाही. पुढची काच साधी असेल तर लॅमिनेटेड कापून घ्या आणि अग्निशामक हाताशी ठेवा.

इंजिनाला सध्या फक्त तेल, फिल्टर, रेडिएटरची सफाई आणि नवे होज द्या. आजच्या डिझेलमध्ये गंधक फार कमी आहे आणि डिझेल पंपाचे जुने रबरी सील त्यावर गळू लागतात, तेव्हा ते बदला. टर्बोने वाढलेला वेग झेलणारे या गाडीत दुसरे काहीही नाही.

हे सगळे झाल्यावर पहिले काही आठवडे तासगाव-सांगली एवढीच फेरी, तीही अर्ध्या मालाने करा. लायनर ड्रमवर बसले की उघडून पुन्हा अ‍ॅडजस्ट करा आणि मगच पसरणीचे नाव काढा. पावसाळ्यात पाण्यातून गाडी काढली तर ब्रेकवर हलका पाय ठेवून ड्रम वाळवून घ्या. मास्टर सिलिंडर मागवण्यापूर्वी जुन्याचा व्यास आणि चारही व्हील सिलिंडरचे व्यास मोजमापाच्या कॅलिपरने मोजून कळवा, म्हणजे कोणत्या मापाचा संच चालेल हे मी सांगू शकेन.