जन्मताना वजन कमी होतं, तर मोठेपणी हृदयविकार होतो का?

तुम्ही लिहिलंय, मुलगी पूर्ण दिवसांची पण 2.1 किलोची जन्मली. आता चार वर्षांची आहे, बारीक आहे. अशा मुलांना पुढे हार्टचा त्रास होतो असं कुणीतरी सांगितल्यापासून सासूबाई तिला दिवसभर लोणी-साखर भरवतायत.

मी डॉक्टर नाही. पण मी स्वतः पावणेदोन किलोचा जन्मलो आणि छत्तिसाव्या वर्षी बीपीची गोळी सुरू झाली, तेव्हापासून या विषयावर सापडेल ते वाचतो.

ऐकलंत ते अगदीच थाप नाही. इंग्लंडमधल्या हर्टफर्डशरमध्ये 1911 पासून सुईणी आणि परिचारिका प्रत्येक बाळाचं जन्माचं आणि वर्षाचं झाल्यावरचं वजन वहीत लिहून ठेवत. डेव्हिड बार्कर या ब्रिटिश डॉक्टर-संशोधकाने त्या वह्या धुंडाळल्या आणि 1989 मध्ये दाखवलं की जन्मताना आणि पहिल्या वाढदिवसाला सर्वांत हलके असलेले मुलगे मोठेपणी हृदयविकाराने जास्त प्रमाणात गेले. आपल्याकडे म्हैसूरच्या एका मिशन हॉस्पिटलात 1934 ते 1954 दरम्यान जन्मलेल्या 517 जणांना तपासलं. अडीच किलो किंवा कमी वजनाने जन्मलेल्यांपैकी 11 टक्क्यांना हृदयविकार होता, तीन किलोच्या वरच्यांमध्ये 3 टक्क्यांना. म्हणजे हलक्या बाळांतल्याही बहुतेकांना तो नव्हता, हे आधी सासूबाईंना सांगा.

असं का होतं? पोटात अन्न कमी पडलं की बाळ मेंदू वाचवतं आणि बाकीकडे काटकसर करतं. मूत्रपिंडातल्या गाळण्या जन्माआधीच तयार होतात, पुढे नव्या येत नाहीत; त्या कमी पडल्या तर बीपी वाढायला वाव मिळतो. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाला आसपासच्या गावांत आणखी एक गोष्ट दिसली. तिथली बाळं इंग्लंडमधल्या बाळांपेक्षा जवळपास 800 ग्रॅमने हलकी होती, पण कमी होते ते स्नायू. चरबी त्या मानाने टिकून होती. दिसायला काडी आणि आत लोणी!

आणि इथेच लोणी-साखरेचा घोळ आहे. दिल्लीत 1969 ते 1972 मध्ये जन्मलेल्या मुलांची वजन-उंची वर्षानुवर्षं घेत गेले. मोठेपणी ज्यांची रक्तातली साखर बिघडली ती दोन वर्षांपर्यंत बारीक होती आणि त्यानंतर बारा वर्षांपर्यंत उंचीच्या मानाने वजन भराभर वाढत गेलेली होती. गंमत म्हणजे बाराव्या वर्षीसुद्धा त्यांतलं कुणी लठ्ठ म्हणावं असं नव्हतं. आणि साखर बिघडली की हृदय फार लांब नसतं.

पहिल्या दोन वर्षांत बाळाने बाळसं धरलं तर ते चांगलंच. चौथ्या वर्षी मुद्दाम गुटगुटीत करायला जाणं ही वेगळी गोष्ट. माझ्या आजीने मला आठव्या वर्षापासून साय-साखरेवर धरलं. हातपाय काड्याच राहिले, पोट तेवढं माठासारखं झालं.

मुलीची उंची वाढतेय का, ते अंगणवाडीच्या किंवा डॉक्टरांच्या तक्त्यावर बघा. रेषा आपल्या वाटेने वर जात असेल तर घरचं वरण-भात, भाजी, अंडं, दूध पुरे, आणि भरपूर हुंदडू द्या. जन्माचं वजन लिहिलेला कागद मात्र जपून ठेवा. मला बीपी निघालं तेव्हा माझं जन्मवजन कुणी विचारलं नव्हतं. आईने जुन्या ट्रंकेतून तो कागद काढून दिला, म्हणून आता ते माझ्या फायलीत आहे.